एकशे अठ्ठावीस की अठ्ठावीस

हर्णैच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
वीज आहे, म्हणून घाई आहे.
आरमध्ये सुरमईच्या लांब्या भरून झाल्या,
वर्षभर लिलावाच्या वाळूत उकिडवं बसून
पट्टी टेकवून मोजलेल्या.
हजार दोनशे सात मासे. बोटांना अजून वास.

पहिल्या फटक्यात यंत्राने महिने लावले
ए-बी-सी-डीच्या रांगेत:
एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी.
या बंदरात असं वर्ष कुणी काढलेलं नाही.
क्रम मी हाताने लिहिला,
नारळ सोडल्यावरचा ऑगस्ट आधी.
जून-जुलै तर त्याने गाळूनच टाकले होते,
मासा नाही तर महिना नाही, असा हिशोब.
ते परत आणायला वेगळी ओळ लागली:
रिकाम्या जागा टाकू नकोस.
आता अक्षाच्या टोकाला दोन ओस घरं आहेत,
झापांनी शाकारलेल्या होड्यांसारखी.

पेटी म्हणजे मधले निम्मे मासे.
आतली जाड रेघ मध्यक,
अर्धी सुरमई तिच्याहून लांब, अर्धी तोकडी.
हे चांगुणाबाय पावसेंना सांगितलं तेव्हा म्हणाल्या,
"म्हणजे आमची फायबरची पेटीच की गो.
वर बर्फ, खाली बर्फ, मधी माल."

मग रुंदी.
ऑक्टोबरात बावटा लागला,
होड्या दहा दिवस आंजर्ल्याच्या खाडीत,
महिन्याचे मोजून एकोणीस मासे.
त्याची पेटी जानेवारीएवढी रुंद कशी?
रुंदी माशांच्या संख्येच्या वर्गमुळाला बांधली.
ऑक्टोबर काडी झाला. होताच तो काडी.

साडेसहाशे रंगांची नावं आहेत यंत्राकडे,
सुरमई नाही.
पोलादी निळा घेतला, थोडा पारदर्शक केला,
पाठीवरची ती ओली झाक काही येईना.
(सरांनी नंतर सगळंच राखाडी करायला सांगितलं.
छपाई काळीपांढरी आहे.)

राहिल्या मिशा.
पेटीच्या उंचीच्या दीडपट, तिथवर मिशांची हद्द.
पलीकडे जो असेल तो नुसता ठिपका.
दीडच का, विचारलं.
सर म्हणाले, असंच चालत आलंय.

फेब्रुवारीच्या डोक्यावर, चौकटीच्या अगदी काठाला,
असा एकच ठिपका: एकशे अठ्ठावीस.
"घालव तो," सर फोनवर.
"त्याच्यापायी सगळ्या पेट्या चेपल्यात.
एक शब्द लिही, ठिपके दिसणार नाहीत."

वही काढली. पान मिठाने कडक झालेलं.
दोन आणि आठ ठसठशीत.
त्यांच्याआधी आहे तो एक,
की थेंब, खाली शेपटी ओघळलेला?
थेंब धरला तर मासा अठ्ठावीसचा,
फेब्रुवारीच्या तळाच्याही खाली,
म्हणजे तोही ठिपकाच.
वरून म्हणा, खालून म्हणा,
पेटीत तो बसतच नव्हता.

तिन्हीसांजेला बंदरावर गेले.
बैलगाड्या चाकभर पाण्यात.
चांगुणाबाय पाट्या धूत होत्या.
वही पुढे केली, त्यांनी पाहिलीच नाही.
उठल्या, हाताची कड गळ्याशी टेकवली.
"एवढी. शेपूट वाळूत.
नऊ हजाराला गेली, खंडूच्या इंजनाचा पंखा आला तिच्यात.
तुझी पट्टी पुरली नव्हती.
दोनदा टेकवलीस. विसरलीस?"

विसरले होते.
हजार दोनशे सातांमध्ये
एकदाच मी गुडघ्यांवर पुढे सरकले होते,
पहिल्या मीटरपाशी अंगठा दाबून धरत.

खोलीवर आले. ठिपका पोकळ होता, भरला.
आकार वाढवला, एकाचा दीड.
दीडच का, ते मलाही सांगता येणार नाही.
आलेख अजून सरांना पाठवलेला नाही.